अण्णांचं अळणी जेवण

खारवलेल्या कैरीचा वास आला की मला वडिलांचा पुढे आलेला हात आठवतो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या देताना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी विज्ञानाचा मास्तर, मी ते पेजेतलंसुद्धा पूर्ण बंद केलं. "मेल्या, एक फोड तरी दे रे," अण्णा हात पुढे करून म्हणाले, तर मी कैरीची बरणी वरच्या फळीवर ठेवली. महिन्याभरात त्यांचा तोल जायला लागला, मला ते गेलेल्या काकांच्या नावाने हाका मारू लागले. "अण्णा, नाटकं पुरे!" मी ओरडलो. शेवटी दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "रक्तातलं मीठ फार उतरलंय, मेंदूचे निरोप पोचतच नाहीत. एवढं मीठ बंद कुणी केलं?" नसांमधून निरोप जायला मीठ लागतं, हे मी दरवर्षी वर्गात शिकवायचो. तरी बोलून गेलो, "त्यांनीच सोडलं." सलाईन लागल्यावर तीन-चार दिवसांत अण्णा ताळ्यावर आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाच दटावलं. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "होय, माझाच हट्ट." आता ते नाहीत. घरात अजून त्यांच्या त्या हट्टाची गोष्ट निघते, सगळे हसतात, आणि मी मान डोलावतो. हल्ली त्या मान डोलावण्याचाही थकवा येतो.