हळदीच्या वाफेचा जाणकार

लोह्याजवळच्या शेतात आम्ही दरवर्षी हळद वाफेवर शिजवतो. त्यामुळे वाफेतलं आपल्याला सगळं कळतं, हा माझा तोरा.

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "काका, प्रोस्टेटची गाठ वाढलीय. कापत नाही, आतून वाफ देतो. काही सेकंदांचं काम."

मी विचारलं, "शिजली का ते काडी टोचून बघता काय?" ते नुसते हसले.

वाफ देऊन झाली. आठवड्यानं लघवीसाठी घातलेली नळी काढली, तरी धार बारीकच. तणतणत गेलो. "तुमची वाफ कमी पडली, डॉक्टर!"

"काका, शिजवलेली हळद वाळून आकसायला किती दिवस लागतात?"

"पंधरा दिवस तरी कडक ऊन…"

"गाठीला त्याहून जास्त लागतात."

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणले?"

म्हटलं, "वाळत घातलीय."