किकवीच्या माळावरचा मेंढरांचा हौद

बातमीदाराच्या वहीत दोन तऱ्हेचा मजकूर असतो. एक छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. दुसरा छापून येत नाही, म्हणून डोक्यात साठत जातो. माझ्या डोक्यातला निम्मा साठा एकाच जागेचा आहे. किकवीच्या माळावरचा, मेंढरांना औषधात बुडवण्याचा हौद!

आमचे एडिटर म्हणायचे, "मेंढरं पेपर वाचत नाहीत." मी एकदा भर ऑफिसात म्हणालो, "वाचणारे तरी कुठे वेगळे आहेत?" त्यानंतर महिनाभर माझी एकही बातमी पहिल्या पानावर आली नाही. पण शब्द मागे घेतला नाही. अजूनही घेत नाही.

* * *

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीची गोष्ट. धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. येताना मेंढरांच्या अंगावर गोचीड, पिसवा, खरूज, सगळं घेऊन यायचे. तसाच पाऊस अंगावर आला की लहान कोकरं टिकत नसत. म्हणून गुरांच्या खात्यानं माळावर एक लांबट हौद बांधला. एका बाजूनं मेंढरू उतरायचं, औषधातून पोहत दुसऱ्या बाजूनं चढायचं.

माळ किकवीच्या नानांचा, हौद खात्याचा, मेंढरं धनगरांची. आणि हौदाचा कागद? कुणाकडेच नाही! साहेबांनी नारळ फोडला, पेढे खाल्ले आणि कागद करायचा विसरले. हे मी तेव्हाच लिहिलं होतं. छापलं कुणी?

* * *

पहिल्या दिवशी एकही मेंढरू हौदात उतरलं नाही. धनगरांचे म्होरके होते धोंडीबा. ते गुरांच्या दवाखान्यातल्या कंपौंडरला म्हणाले, "आधी तुमचं घाला. जगलं, तर आमचं घालू."

कंपौंडरकडे मेंढरू कुठलं? शेवटी त्यानं बायकोची दुभती शेळी आणली आणि सगळ्यांसमोर हौदात सोडली. शेळी पोहली, पलीकडे चढली, अंग झटकलं आणि कंपौंडरचा पांढरा कोट पिवळा करून चरायला लागली. तिच्यामागे धोंडीबांची सगळी मेंढरं धडाधड हौदात!

त्या औषधाच्या वासापायी कंपौंडरच्या बायकोनं शेळीला आणि नवऱ्याला आठ दिवस घराबाहेर ओट्यावर ठेवलं.

पुढच्या वर्षी धोंडीबांचा दवाखान्याला निरोप आला, "कंपौंडर न्हाई आला तरी चालंल. शेळी धाडा!"

* * *

लढाई सुरू झाली आणि औषधाची पावडर यायची बंद झाली. वरून हुकूम आला, तंबाखूचा काढा करून वापरा. भोरहून तंबाखूची पोती बैलगाडीतून माळावर पोचली. कंपौंडर पाणी तापवायच्या खटपटीला लागला. धनगर पोत्यांभोवती बसले. माल कसा आहे ते बघायला नको का?

काढा झाला. मेंढरं बुडवून काढली. गोचीड जशीच्या तशी! कंपौंडर हुकूम पुन्हा पुन्हा वाचतोय आणि डोकं खाजवतोय.

धोंडीबांची बायको बनाबाई कोकरू काखेत घेऊन उभी होती. ती म्हणाली, "कागदाला काय बघतायसा? औशीद समदं बापयांच्या गालात ऱ्हायलं. मेंढराला कुठनं लागंल?"

* * *

औषधातून निघालेला कळप शेतात बसवायला मोठी मागणी असे. दोन-तीन रात्री मेंढरं बसली की लेंडीखतानं जमीन वर्षभर हसते. पार गुंजवण्याकडचे लोक धोंडीबांना बोलवायला येत. धोंडीबांची ऐट त्या दिवसांत मामलेदारापेक्षा कमी नसे.

किकवीत दोघे भाऊ होते. नुकतेच वेगळे झालेले, मधे ताजा बांध. कळप दोघांनाही हवा. धोंडीबांनी तोड काढली आणि मेंढरं बरोबर बांधावर बसवली, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. सकाळी धाकटा भाऊ तणतणत आला.

"ह्यो न्याव झाला व्हय? समद्यांची त्वांडं माझ्याकडं आणि शेपट्या त्येच्याकडं!"

मी हसलो, तर तो माझ्यावरच उखडला, "हसू नका पेपरवालं, लिवा हे!"

धोंडीबा मात्र गंभीर. म्हणाले, "मेंढरू वाऱ्याकडं पाठ करून बसतंय. वाऱ्याला सांगून बघतो. उद्याच्याला शेपट्या तुझ्या."

* * *

मग नानांनी शेती विकायला काढली. मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता आणि तो आई-वडिलांना तिकडे बोलावत होता. आधी गाडी, मोट, नांगर, बैल यांचा जाहीर लिलाव ठरला. भोरहून एक कारकून बोली लिहून घ्यायला आला. टेबल मांडलं, दौत मांडली आणि तो पुकारू लागला.

आता आमच्याकडची रीत अशी, की सौदा ओरडून करायचा नाही. रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. माणसं दोन-दोन करून नानांपुढे बसत होती, रुमाल टाकत होती, मुंडी हलवून उठत होती. कारकून घसा कोरडा होईपर्यंत ओरडत होता. एकाच्याही तोंडून बोली नाही! कंटाळून त्यानं लिहिलं, "कोणीही बोली लावली नाही. लिलाव तहकूब." त्यानं सही करून मान वर केली, तर अंगणात फक्त त्याचं टेबल. गाडी, मोट, नांगर, बैल सगळं विकलं जाऊन वाटेला लागलेलं.

मी त्याच्या कागदावर विसंबून बातमी धाडली, "किकवीचा लिलाव फसला." नेमकी तीच छापून आली! वर्षभर गावातला प्रत्येक माणूस मला रुमाल दाखवत होता.

* * *

माळाला गिऱ्हाईक भेटलं एक रिटायर मामलेदार. त्यांना कलमांची बाग करायची होती. जमीन पाहिली आणि खूश झाले. खूश होणारच! वर्षानुवर्षं मेंढरं बसून काळी झालेली माती ती. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "हा हौद बुजवा. चारी बाजूंनी कुंपण घाला. मेंढरू आत दिसलं की कोंडवाड्यात!"

माझं डोकं फिरलं. पुढचा हौद चार मुक्काम लांब होता, पाऊस महिन्यावर. त्या वर्षीची कोकरं कुठल्या भरवशावर जगवायची? मी रागाच्या भरात दोन कॉलम लिहिले. एडिटरनं त्याच्या तीन ओळी केल्या आणि केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली टाकल्या. मग माझा मूळ मजकूर मी धोंडीबांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"लई ग्वाड लिवलंय," ते म्हणाले. "आता मामलेदाराला वाचता येत असंल तर बरं."

* * *

खरेदीखताआधी शिवेचा फेरा करायची पद्धत होती. घेणाऱ्यानं चारी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन बांधाबांधानं अनवाणी चालायचं. शिवेवर वहाण चालत नाही. प्रत्येक शेजारी आपल्या बाजूची हद्द सांगणार आणि मगच कागदावर चतुःसीमा चढणार. कागद लिहायला भोरचे इस्माईलभाई आले होते. कंपौंडर होता, मी होतो. धोंडीबा आणि बनाबाई जरा लांब उभी होती.

धोंडीबांचा कळप कोकणातून तीन दिवसांपूर्वीच आला होता. चारी शेजाऱ्यांनी आग्रह करून तो आपापल्या बांधाला बसवून घेतला होता.

मामलेदारांनी बूट काढले, धोतर वर खोचलं आणि निघाले. पूर्वेचा शेजारी त्यांना बांधावरच्या गवतात थांबवून आपल्या आज्यापणज्याची हकीकत सांगू लागला. दक्षिणेच्या शेजाऱ्याला दोन आजे होते, एक सख्खा, एक चुलत. मामलेदार एका पायानं दुसरा पाय खाजवू लागले. पश्चिमेला पोचेपर्यंत त्यांनी कोट काढला. उत्तरेच्या शेजाऱ्यानं तोंड उघडलं, तेव्हा पगडीही काढली आणि ओरडले, "अहो, हे काय चावतंय?"

बनाबाई पुढे झाली. "हलू नगा, भाऊ," म्हणत तिनं त्यांच्या कानामागून एक टपोरी गोचीड काढून तळहातावर दाखवली. मग मानेवरची. मग दंडावरची.

"हे रोजचंच आहे का इथं?" मामलेदारांचा आवाज चिरका झाला होता.

"न्हाई ओ," धोंडीबा लांबूनच म्हणाले. "औशदात बुडवली की मेंढरं साफ असत्यात. हौद बुजल्यावर मातुर असंच. वाट तर ह्या बांधानंच हाय की."

मामलेदारांनी दोन्ही हातांनी पाठ खाजवत इस्माईलभाईंना हाक मारली, "लिहा! हौद आणि हौदाला जायची वाट कायम राहील. धनगरांच्या वहिवाटीला आम्ही किंवा आमचे वारस हरकत घेणार नाही. लवकर लिहा!"

इस्माईलभाईंनी शांतपणे टाक बुडवला. "रावसाहेब, 'कधीही' घालू का?"

"घाला! वाट्टेल ते घाला!"

चारी शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून अंगठे उठवले. मामलेदार बूट हातात घेऊन टांग्याकडे पळाले. आम्ही हौदाशी आलो. हौद काठोकाठ भरला होता. कंपौंडर म्हणाला, औषध परवाच कालवून ठेवलंय.

मी बातमीदार, विचारल्याशिवाय राहवेना. "धोंडीबा, औषध परवापासून तयार, कळप तीन दिवस इथंच. मग मेंढरं अजून बुडवली कशी नाहीत?"

धोंडीबांनी घोंगडी खांद्यावर नीट केली आणि पहिलं मेंढरू मानेला धरून हौदाकडे ओढलं.

"मुहूर्त न्हवता, पेपरवालं."