गोत्र: लागू नाही

तयार टेम्प्लेटची मला किळस येते. नोएडातल्या एका ऑफिसात मी वेबसाइट बनवण्याच्या कामात आहे. हल्ली बनवतो कमी, कुठल्या टूलमध्ये बनवायची ते ठरवतो जास्त. आठवडाभर कुणी ना कुणी स्क्रीनवर डेमो देत असतं. प्रत्येक टूल सोपं, प्रत्येक टूल वेगवान, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर लॅपटॉपभोवती जमून दात दाखवणारी तीच माणसं. ती माणसं कशाला हसत असतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आम्ही गाझियाबादला राहतो. विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी इकडे आलेली आम्ही बरीच बौद्ध कुटुंबं रविवारी विहारात भेटतो. वंदना झाली की चहा, आणि चहाबरोबर मुलामुलींच्या लग्नाच्या गोष्टी. स्थळांची माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची आणि मुलींचे फोटो भलत्याच ग्रुपांत जाऊन पडायचे. म्हणून आपली स्वतःची साइट हवी असं ठरलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "यांना द्या. घरचा नळ दुरुस्त होत नाही, पण हे होईल."

साइटवर पहिलं नाव एका ताईंच्या मुलीचं जाणार होतं. ताई मूळच्या अकोल्याच्या, केंद्र सरकारच्या ऑफिसात आहेत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात. मुलगी कॉलेजात शिकवते. तिने आधी एका मोठ्या साइटवर नाव घातलं होतं. तिथे मुलं आधी आडनाव विचारायची आणि मग, "मतलब, कौन-से?" शेवटी तिने नाव काढलं आणि आईला सांगितलं की लग्नाचा विषय बंद. ताईंनी बऱ्याच मिनतवाऱ्या केल्या तेव्हा ती तयार झाली, एका अटीवर. "तिथे मला कुणी जात विचारणार नसेल तर घाला." ताई मला म्हणाल्या, "भाऊ, ही पुन्हा तयार होणार नाही. सांभाळून करा."

मी सांभाळून केलं नाही.

तीन टूल पाहिली. दोन महाग होती. तिसऱ्यात विवाहमंडळासाठी आयतं टेम्प्लेट होतं, शनिवार-रविवारात उभं राहील असं. मी ऑफिसात असताना त्या कंपनीच्या मुलाने फोनवरच डेमो दिला. माहितीच्या फॉर्ममध्ये जात, पोटजात, गोत्र, मंगळ, सगळं होतं आणि भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी विचारलं, "ये हटा सकते हैं क्या?"

"सर, ये कौन हटाता है? कम्युनिटी वाले तो सबसे पहले यही देखते हैं। आपकी कौन-सी कम्युनिटी है?"

माझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसली होती. रोज ज्यांच्याबरोबर जेवतो ती. मी म्हणालो, "नहीं नहीं, ठीक है, चलेगा।" आणि तेच टूल घेतलं. किंमत, वेग, सोय ही कारणं मी विहारात नीट समजावून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण एवढंच होतं की त्या खुर्चीवर बसून मला आमच्या समाजाचं नाव मोठ्याने घ्यायचं नव्हतं.

मग मी कारागिरी केली. जातीचे ते रकाने पानावरून लपवले आणि आत सगळ्यांसाठी आपोआप 'लागू नाही' भरलं जाईल असं करून ठेवलं. पान स्वच्छ दिसायला लागलं. मला माझं कौतुकही वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

साइट सुरू झाली त्याच रविवारी ताईंनी विहारात सगळ्यांसमोर मोबाइलवर मुलीचा बायोडेटा डाउनलोड केला. ते पान टूल स्वतः तयार करत होतं, मी लपवलेलं त्याला ठाऊकच नव्हतं. वर सोनेरी नक्षीत 'श्री गणेशाय नमः'. खाली मुलीचा फोटो. त्याखाली जात: लागू नाही. पोटजात: लागू नाही. गोत्र: लागू नाही. मंगळ: लागू नाही. आणि तिने स्वतःबद्दल लिहिलेल्या दोन ओळी टूलमधल्या एआयने 'सुधारून' ठेवल्या होत्या. 'स्वयंपाक येत नाही, शिकायचा विचारही नाही' याचं त्याने 'गृहकृत्यदक्ष होण्यास उत्सुक' केलं होतं.

कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "भाऊ, माझी मुलगी काय सरकारी फॉर्मातला रिकामा रकाना आहे का?"

टूलची किळस आली, त्या नक्षीची आली. पण टूलने काही लपवलं नव्हतं, लपवलं मी होतं.

पुढच्या शनिवारी मी सरोजिनी नगरला गेलो. मेट्रोतून उतरून कपड्यांच्या बाजारातली गर्दी तुडवत क्वार्टरपर्यंत पोचेतो काय बोलायचं ते तीनदा ठरवलं. दार मुलीनेच उघडलं. पाणी दिलं. मी माफी मागितली आणि साइट बंद केल्याचं सांगितलं.

तिने विचारलं, "काका, ते रकाने तुम्हाला आधी दिसले नव्हते का?"

"दिसले होते."

"मग?"

मी ऑफिसातला तो फोन सांगितला. शेजारी कोण बसलं होतं तेही.

"स्टाफरूममध्ये मलाही विचारतात," ती म्हणाली. "मी सांगते. मग दोन दिवस काही लोक माझ्या शेजारी चहा घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी घेतात, कारण किटली माझ्या टेबलावर असते."

ताई आतून म्हणाल्या, "आता तू त्यांना जास्त लाजवू नकोस. यार, माणूस घरी आलाय."

मी म्हणालो की आता कुठलंही तयार टूल घेणार नाही, सगळं पहिल्यापासून हाताने लिहीन. ती म्हणाली, "बिल्कुल लिहा. झालं की दाखवा. मग बघू."

त्या 'बघू'वर मी पुढचे सगळे रविवार घातले. कोऱ्या पानापासून सुरुवात केली. टेम्प्लेट नाही, एआय नाही, नक्षी नाही. नाव, शिक्षण, काम, राहण्याचं ठिकाण, उंची वगैरे, स्वतःबद्दल चार ओळी. आडनाव ज्याला द्यायचं त्याने द्यावं. पान साधं होतं आणि मला आवडलं होतं. मी तिला लिंक पाठवली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, छान झालंय. एक विचारू?"

"विचार ना."

"उंचीच्या खाली 'वर्ण' आहे. गोरा, निमगोरा, सावळा. हे कुठल्या टूलमधून आलं?"

मी पान उघडून पाहिलं. होतं. तिन्ही पर्याय मीच टाइप केले होते, याच क्रमाने, आणि टाइप करताना हात जराही थांबला नव्हता.

"कुठल्याच नाही," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. "बरं," ती म्हणाली, "ते काढा. बाकीच्या मुलींसाठी तरी काढा. माझं नाव नका घालू. आईला मी सांगते."

मी तो रकाना काढला. साइट आता चालू आहे, त्यावर बरीच नावं आहेत, एक लग्नही ठरलं. रविवारी ताई विहारात भेटतात, घरची चौकशी करतात, चहा पुढे करतात. मुलीबद्दल त्या काही बोलत नाहीत आणि मी विचारत नाही.