सारातला गूळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आज लेकीचा वाढदिवस, घर पाहुण्यांनी भरलंय, आनंदाने माझे पाय जमिनीवर नाहीत — आणि तरी खोलीचं दार लोटून हे लिहायला बसलेय. तुला सांगते.

ती पोटात होती तेव्हा मला साखर निघाली. गरोदरपणातला मधुमेह. जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचायचं, मशीनवरच्या आकड्याचा फोटो नर्सला पाठवायचा. आकडा चढत राहिला तर इन्सुलिन. मी पुण्याची, नोकरी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत. सासर मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. सासूबाईंनी त्याच दिवसापासून माझा भात वाटीने मोजायला घेतला. “स्वल्पच घे हं, पुट्टी,” असं लाडाच्या कानडीत म्हणायच्या.

आणि मी? मी हवेत होते! डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांचे दागिने. झाकलेल्या वाट्यांतली बर्फीची वाटी मी उघडली, तेव्हा बायका ओरडल्या — मुलगी! प्रत्येकीने काही ना काही गोड आणलं होतं. चिरोट्यांचा अख्खा डबा मी कपाटात साड्यांमागे लपवला. तो संपला, तेव्हा ऑफिसातून येताना दुसरा आणला.

युक्ती सुचली तेव्हा तर मी स्वतःवरच खूश झाले. बोट जेवणाआधी टोचायचं, फोटो काढून ठेवायचा, चिरोटे खायचे — आणि दोन तासांनी तोच फोटो पाठवायचा! नर्सचं ‘छान’ आलं की कॉपी करून पहिली आल्यासारखा आनंद व्हायचा. भीती नाही वाटली? खरं सांगू — मजा वाटली.

पण हे नुसतं खोटं झालं. सांगायचंय ते पुढचं — आणि तिथेच माझा हात अडतोय.

मुलगी झाली. बर्फी खरी ठरली! पण जन्मताच तिची साखर एकदम उतरली — पोटात असताना आईची चढलेली राहिली की बाळाची अशी उतरते. काचेच्या पेटीत ठेवलं तिला, एवढ्याशा हाताला सुई. डॉक्टरीणबाई चक्रावल्या — आकडे तर सगळे चांगले होते, मग घरी खाण्यात काय होतं? नवरा त्याच्या आईकडे वळला. “अम्मा, हिला गुपचूप गोड देत होतीस काय?”

“नाही रे,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ आठवत राहिल्या. “सारात स्वल्प गूळ पडायचा माझ्याकडून. सवयीने. तेच नडलं असेल.”

सगळ्या घराच्या सारात सुपारीएवढा खडा! मी डोळे मिटून पडले होते. जागी होते. एकच वाक्य बोलायचं होतं — बोलले का? कूस बदलली.

मुलगी सावरली. सासूबाईंच्या सारात मात्र तेव्हापासून गूळ नाही. सार आंबटढाण होतं. सगळे मुकाट्याने जेवतात, मीही जेवते.

आज औक्षण झालं, आणि लेक नाचत नाचत पायसाची वाटी धरलेल्या आजीच्या हाताला लोंबकळली. “आजी, तू भरव! तूच!” सासूबाई हसल्या, आणि वाटी माझ्यापुढे केली.

“तू भरव गं. माझ्या हाताने गोड नको तिला.”

मी वाटी घेतली. आणि भरवलं.