न मोजलेल्या टोल्यावरचा हिरवा रंग

राजुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानामागं दहावी नापास मुलींसाठी संगणकाचा क्लास चालवणाऱ्या बाई नसत्या, तर एका टोल्याची, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीची, माणसं अजून वाईट पाणी चांगलं समजून पीत बसली असती. म्हणून आधी त्यांचं सांगितलं. आता माझी घाण.

मी सांगलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि मिळेल ते काम करत पार इथं चंद्रपूरच्या जंगलात येऊन पडलो. पाणी तपासणाऱ्या ठेकेदाराकडं होतो. गावोगावच्या हातपंपाचं पाणी बाटलीत भरायचं, मोबाइलवर जागा नोंदवायची. फ्लोराइड जास्त निघालं की पंपाला लाल रंग, म्हणजे पिऊ नका. एक दिवस ठेकेदाराच्या इंजिनिअरनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. त्यात आकडेमोडीचं सॉफ्टवेअर होतं. दर पंपाचे तीन आकडे: अक्षांश, रेखांश आणि फ्लोराइड. त्यांचं चित्र काढायचं आणि चित्र बघून लाल रंगाची यादी करायची.

मला ते कुठलं येतंय! या बाईंकडं गेलो, त्यांनी दुपारच्या रिकाम्या तासाला बसवून घेतलं, कंस कुठं, स्वल्पविराम कुठं, इथपासून शिकवलं. मग मी माझ्या हुशारीनं एक आज्ञा शोधली. ठिपक्यांवर चादर ताणावी तसा पडद्यावर डोंगर उभा राहिला. फ्लोराइड कमी तिथं खाली निळा, मग हिरवा, पिवळा, जास्त तिथं शेंड्याला तांबडा. माउसनं फिरवला की फिरायचा. इंजिनिअर खूश, अहवालाच्या कव्हरवर हाच घेऊ म्हणाले. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. आज आठवलं की शिसारी येते.

बाईंना कौतुकानं दाखवला. त्या म्हणाल्या, आधी नुसते ठिपके काढा. पंपाच्या जागी ठिपका, त्याला फ्लोराइडप्रमाणं रंग. काढले. डोंगर गेला, मोजलेले पंप तेवढे उरले, आणि त्यांच्या मधोमध एक पांढरं भगदाड.

"इथी काय आहे, भाऊ?"

टोला आहे, म्हणालो. नाल्यापलीकडं.

"मोजला नाई ना? मंग मघा इथी हिरवा रंग काऊन होता?"

आजूबाजूच्या पंपांवरून सॉफ्टवेअरनं मधलं अंदाजानं भरलं होतं. तशी आज्ञा मीच दिली होती. मोजमाप थोडं आणि विखुरलेलं असलं तर ठिपकेच बरे, चादर जागोजाग मोजलं असेल तिथंच ताणावी, असं बाई समजावत होत्या. माझं लक्ष नव्हतं. टोल्याची बाटली का भरली नाही ते मला माहीत होतं. ती भरायला निघालो होतो तेव्हा नाल्यावर एक गुराखी म्हणाला, सकाळी पलीकडं वाघ दिसला. माझी पाचावर धारण बसली, तसाच माघारी फिरलो आणि कुणाला बोललो नाही. माझा भित्रेपणा त्या हिरव्या रंगाखाली झाकला गेला होता, आणि मी त्याला सुंदर म्हणत होतो.

बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. यादी सोमवारी जाते ना, मग उद्याच जा म्हणाल्या, गावातले दोघंतिघं सोबत घ्या, मोठ्यानं बोलत चला.

गेलो. पंपावर टोल्यातली एक बाई पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, भरत होती. माझ्या हातातली बाटली बघून हसली, तर दातांवर फ्लोराइडचे तपकिरी पट्टे.

"आता दिसलो का आमी तुमाले?" म्हणाली, आणि माझ्यासाठी स्वतःच दांडा हापसू लागली. मला मान वर करवेना.

पाणी वाईट निघालं. मी इंजिनिअरसमोर ठिपक्यांचं चित्र ठेवलं, टोला माझ्यामुळं राहिला होता हेही कबूल केलं. त्याचं त्यांना काही नव्हतं. चित्र दरिद्री दिसतंय म्हणून चिडले. तरी यादी त्यावरूनच गेली, पंप लाल झाला. टोल्यावरच्या बाया आता नाला ओलांडून अलीकडच्या पंपावर येतात. लांब पडतं त्यांना. कव्हर मात्र आधीच छापून आलं होतं. त्यावर डोंगर आहे, टोल्याच्या जागी हिरवागार. ऑफिसात कुणी त्याला छान म्हणालं की मी तिथून उठतो.

बाईंनी शिकवण्याचं काही घेतलं नाही. एकदाच म्हणाल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावीला बसा, मार्कशीट मले आणून दाखवा. फॉर्म पेटीत पडून आहे, काढायची छाती होत नाही. पण बाई, ती मार्कशीट घेऊन मी तुमच्या दारात येणार आहे. आणि त्या दिवसापासून दुपारचा तो तास तुमच्या मुलींना मी शिकवीन.