साहेबांना मातीचा बाजा

आमच्या गास गावात कॉर्नेट, म्हणजे तोंडानं फुंकायचा पितळी बाजा, वाजवणारा एकच, माझा धाकटा भाऊ सॅन्टन. त्याला तो शिकवला कोणी? मी. मी स्वतः ढोल वाजवतो, चार बुकं शिकलोय, आणि आमच्यासारखा बँड वसईपासून विरारपर्यंत नाय. सॅन्टन मात्र कमी बोलणारा गडी. दिवसभर केळीच्या वाडीत राबणार, आणि काय सांगायचं ते कॉर्नेटातून.

बावन्न सालची गोष्ट. त्याच्या बायकोला, लुईझाला, गवत कापताना पायाला विळा लागला. पाय सुजून भोपळा झाला, ताप चढला, म्हणून गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टर कुठं? जेवायला गेलेत. संध्याकाळी? फिरायला गेलेत. कंपाउंडर लाल पाणी पाजायचा. पट्टी तीच ती, वर माश्या. पेनिसिलीन मागितलं तर म्हणे, "संपलं. मुंबईहून येईल."

एकदाचा डॉक्टर सापडला. मी छाती पुढं काढून तक्रार केली. तो म्हणाला, "डॉक्टर तुम्ही की मी? जमत नसेल तर घरी न्या. नाहीतर पाय कापावा लागेल."

त्या दिवशी सॅन्टन जेवला नाय.

तेवढ्यात ठाण्याहून मोठे साहेब दवाखान्याच्या पाहणीला यायचे ठरले. भिंतींना चुना लागला, खाटांवर पांढऱ्या चादरी आल्या. स्वागताला बाजा पाहिजे, म्हणून तोच कंपाउंडर आमच्या दारात!

"ज्युलियसदादा, लग्नातलं झकास काहीतरी वाजवा हां."

साहेब मोटारीतून उतरले. मी ढोलावर काठी मारणार, तोच सॅन्टननं सूर काढला मातीचा. मयतामागून सिमिटरीत जाताना वाजवतो ना, तो. दुसरा गांगरला असता. मी लगेच ठेका संथ केला. रस्त्यावरच्या बाप्यांनी टोप्या काढल्या, बायांनी क्रुसाची खूण केली. शेजारची रोझलीनआत्या तर रडतच धावत आली, "कोण गेलं रे बाबांनो?"

साहेबांच्या गळ्यात हार, आणि समोर सगळे माना खाली घालून उभे. त्यांनीपण विचारलं, "कोण वारलं?"

"अजून कोणी नाय," सॅन्टन म्हणाला. "माझी बायको आत हाय. पाय सडलाय, डॉक्टर बघत नाय. तिच्या मातीला तुमी थोडेच येणार? म्हणून आताच वाजवलं."

"अडाणी लोक, सर," डॉक्टर हसत म्हणाला.

साहेब तडक आत गेले, लुईझाच्या पायावरची चादर उचलली आणि नाकाला रुमाल लावला. मग काय चमत्कार! मुंबईहून यायचं पेनिसिलीन तिथल्याच कपाटातून निघालं.

पाय वाचला. लुईझा जरा लंगडते, पण केळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन सोपाऱ्याच्या बाजारात जाते. डॉक्टरला काय होणार? तो तिथंच हाय. पाय आपणच वाचवला म्हणून सांगत फिरतो. फक्त गासचा पेशंट आला, की आधी हळूच विचारतो, "घरात कोणी बँडमध्ये आहे का?"

आमची माणसं सगळीच हो म्हणतात.