जिनाच्या दारापर्यंतची सायकल

वडील गेल्यापासून मला आमची सायकल फार आठवते. ते मलकापूरच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहायला होते आणि मी तिथल्याच शाळेत नवा शिक्षक. गावाहून आम्ही एकाच सायकलनं जायचो. आधी ते चालवायचे. रुईच्या धुळीनं त्यांची छाती भरत गेली, तेव्हा मी चालवू लागलो आणि ते मागे कॅरिअरवर बसू लागले.

धाप लागलेल्या मजुराला मुकादम दारातूनच परत पाठवी. म्हणून जिनाच्या वळणाआधी वडील उतरत आणि शेवटचा सपाट तुकडा स्वतः चालवत जात. सायकलवरून आलेल्या माणसाला दम लागणारच, असं मुकादमाला वाटे. मी मागून पायी जाऊन सायकल घेई.

एका सकाळी त्यांचा पाय दांडीवरून पलीकडे गेलाच नाही. ते सायकल ढकलत दाराशी पोचले.

"काऊन गा, आज पायी?" मुकादमानं विचारलं.

"पंचर झाली."

मुकादमानं वाकून दोन्ही चाकं दाबून पाहिली. "हवा तर फुल हाये गा. तुह्यातच उरली नाही. घरी बस आता."

दोघेतिघे हसले. वडिलांनी सायकल माझ्याकडे वळवली.

"मले घरी सोड," ते म्हणाले. "तुले शाळेले उशीर होईन आज."

मी हँडल धरलं. सगळ्यांच्या देखत ते कॅरिअरवर बसले.